ट्रॅकचा हिशेब

मुंबई विद्यापीठाची उपकेंद्रे ठाणे व कल्याण येथे उभी राहिली; विद्यापीठाचे जुने क्रीडासंकुल मात्र मरीन लाइन्सला आहे. डोंबिवलीच्या विद्यार्थिनीने तेथे सरावास जावयाचे म्हटले, तर दादरला गाडी बदलून जाण्यायेण्यातच तिचे जवळजवळ तीन तास खर्ची पडतात. अर्थशास्त्रात यास संधिखर्च म्हणतात. अंदाजपत्रकात त्याचा रकाना नसतो.

उपकेंद्राच्या आवारात ४०० मीटरचा सिंथेटिक ट्रॅक मागणे ही चैन मानू नये. ऑलिंपिकमध्ये असा ट्रॅक प्रथम १९६८ साली मेक्सिकोत वापरला गेला. आपल्याकडे त्याचे कारण अगदी साधे आहे : पाऊस. महाविद्यालये जूनमध्ये उघडतात आणि सप्टेंबरअखेरपर्यंत मैदानाचा चिखल असतो. हिवाळी स्पर्धांच्या तयारीचे नेमके तेच महिने! मातीचा ट्रॅक स्वस्त खरा, पण वर्षाचा तिसरा हिस्सा तो निरुपयोगी पडून राहतो.

धास्ती आहे ती मांडवाच्या खुंट्यांची. सभा आणि लग्ने यांना आपल्या शहरांत मैदानाचा भारी सोस. तेव्हा देखभालीची वार्षिक तरतूद बांधकामाच्या ठरावातच व्हावी, ट्रॅक भाड्याने देण्यास मनाई असावी आणि पहाटे पाचला फाटक उघडण्याची जबाबदारी कोणा एकाच्या नावे लिहून ठेवावी.