आजीची इस्त्री आणि ऑस्करची बाहुली

मुलाने चांगली नोकरी सोडून चित्रे काढायचा मनसुबा बोलून दाखवला, की आपल्या घरांत सुतक आल्यासारखे होते. 'छंद म्हणून कर की!' हे वाक्य तर ठरलेलेच. त्या वाक्याला उत्तर म्हणून यंदा मी टोरिल कोव्हे या नॉर्वेच्या बाईंची हकीकत सांगणार आहे.

बाईंचा जन्म १९५८ चा, हामार गावचा. १९८२ साली त्या कॅनडात मॉन्ट्रियलला आल्या. शिक्षण नगररचनेचे, काम त्यातलेच. असा जम बसला असताना त्या पुन्हा विद्यार्थिनी झाल्या आणि काँकॉर्डिया विद्यापीठात चित्रांना चालते-बोलते करण्याची विद्या शिकल्या. त्यांचा पहिला गाजलेला लघुपट १९९९ साली आला, तेव्हा बाईंनी चाळिशी ओलांडली होती!

विषय काय निवडला? आजी! १९०५ साली नॉर्वे स्वीडनपासून वेगळा झाला आणि डेन्मार्कचा राजपुत्र आणून गादीवर बसवला. या राजाच्या सदऱ्यांना आपण इस्त्री करीत होतो, ही आजीची गोष्ट. नातीने तिला तिखटमीठ लावले आणि महायुद्धात हीच आजी जर्मनांच्या कपड्यांची वाट लावते, असे दाखवले. या लघुपटाला ऑस्करचे नामांकन मिळाले.

पुढे २००६ साली 'द डॅनिश पोएट' आला. स्फूर्ती आटलेला एक कवी सिग्रिड उन्सेट या लेखिकेला भेटायला नॉर्वेला निघतो. वाटेत पाऊस लागतो आणि भेटते शेतकऱ्याची वाग्दत्त मुलगी. पुढे पत्र गहाळ होते, वर्षे जातात. अशा योगायोगांच्या साखळीतूनच आपण जन्माला आलो, असे निवेदिका सांगते. आवाज लिव्ह उल्मन यांचा. अवघी पंधरा मिनिटे! पण पडद्यावर सेकंदाला २४ चौकटी सरकतात. एक चित्र दोन चौकटींना पुरवले, तरी हिशेब दहा हजार चित्रांवर जातो. २००७ साली या लघुपटाला ऑस्कर मिळाले.

मला मात्र जवळचा वाटतो २०१४ चा 'मी अँड माय मोल्टन'. तीन बहिणींना चारचौघांसारखी सायकल हवी असते. आधुनिक अभिरुचीचे आईबाप आणतात इवल्या चाकांची मोल्टन! आईबापांचे प्रेम खरे, मुलींचा हिरमोडही खरा. दोन्ही बाजूंना न दुखावता हे सांगणे सोपे नव्हे.

आता कोणी म्हणेल, बाईंच्या पाठीशी कॅनडाचे सरकारी चित्रपट मंडळ होते. खरे आहे. कलेला आधार लागतोच. प्रत्येकाला ऑस्कर मिळणार नाही, हेही खरे. पण आपल्या मुलांना सरकारच्या आधी घर भेटते. तेव्हा यंदा फराळाच्या ताटावर मुलाने तो विषय काढलाच, तर 'छंद म्हणून कर' म्हणण्यापूर्वी निदान त्याची चित्रे एकदा नीट पाहा.