चाचणी झाली, पण कोणावर?

जीएम पिकांचा विषय निघाला की कट्ट्यावर लगेच दोन पार्ट्या पडतात. एक म्हणते, 'हे विष आहे'. दुसरी म्हणते, 'अरे, सगळ्या चाचण्या झाल्यात!' जुलै २०२४मध्ये जीएम मोहरीवर सुप्रीम कोर्टाच्या दोन न्यायमूर्तींचंही एकमत झालं नाही. राष्ट्रीय धोरण हवं, यावर मात्र दोघंही सहमत होते. ते धोरण ठरताना तुम्ही एक साधा प्रश्न विचारा: चाचणी झाली, पण कोणावर?

उदाहरण घेऊ पाण्यातल्या जिवांचं. पीक शेतात, मग ओढ्याचा काय संबंध? बीटी पिकात एका जिवाणूचं जनुक घातलेलं असतं. त्यामुळे झाडातच एक प्रथिन तयार होतं आणि ते पोटात गेलं की ठरावीक अळ्या मरतात. कापणीनंतर पानं-धाटं शेतातच राहतात आणि वाऱ्यापावसाबरोबर पाण्यात जातात. अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात संशोधकांनी कापणीनंतर सहा महिन्यांनी ओढ्यांवरची २१७ ठिकाणं पाहिली. ८६ टक्के ठिकाणी मक्याचा पाचोळा सापडला, तर २३ टक्के ठिकाणी पाण्यात बीटी प्रथिन मिळालं. हे २०१०मध्ये प्रसिद्ध झालं.

त्याआधी २००७मध्ये एमा रोझी-मार्शल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅडिसफ्लाय या कीटकाच्या अळ्यांना प्रयोगशाळेत बीटी मक्याची पानं खायला घातली. साधा मका खाणाऱ्या अळ्यांच्या तुलनेत त्यांची वाढ निम्म्याहूनही कमी झाली. कॅडिसफ्लायच का? कारण बीटी मका ज्या पतंगांच्या अळ्या मारतो, त्यांचा हा जवळचा नातेवाईक. उलट, पाण्यातल्या सुरक्षिततेसाठी नेहमी वापरला जाणारा प्राणी म्हणजे डॅफ्निया. तो कोळंबी-खेकड्यांच्या गोतावळ्यातला. त्याची प्राथमिक चाचणी ४८ तासांत संपते. डॅफ्निया पास झाला म्हणून कॅडिसफ्लाय पास होतोच असं नाही.

थांबा, लगेच 'बघा, सांगितलं होतं ना!' म्हणू नका. त्या प्रयोगावर टीकाही जोरदार झाली. दोन्ही मक्यांत फक्त बीटीचाच फरक होता का? अळ्यांच्या पोटात प्रथिन नेमकं किती गेलं? याची पक्की उत्तरं नव्हती. वाढ खुंटली हे दिसलं. ती बीटीमुळेच खुंटली, हे त्या एका प्रयोगाने सिद्ध होत नव्हतं.

आपल्याकडे बीटी कापसाला २००२मध्ये परवानगी मिळाली. त्याआधीच्या चाचण्यांत मुंबईतल्या केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्थेत माशांना बीटी सरकी खाऊ घालून पाहिली होती. माशांच्या खाद्यात सरकीची पेंड वापरता येते, त्यामुळे ती चाचणी योग्यच. पण तिने उत्तर दिलं ते माशांच्या खाद्याबद्दल. ओढ्यात पडलेला पाला कुरतडणाऱ्या अळीचं काय, हा प्रश्न वेगळा. आणि आपल्या ओढ्यांतले किडे, त्यांच्यापर्यंत पोचणारं पीक, पावसाळा, सगळंच इंडियानापेक्षा निराळं.

म्हणून यापुढे कुणी 'सुरक्षित' किंवा 'घातक' म्हणालं, तर चार गोष्टी विचारा. कोणता प्राणी घेतला? त्याला पिकाचा कोणता भाग दिला? तुलना कशाशी केली? आणि किती दिवस पाहिलं? उत्तरं मिळाली की बाजू निवडा. झूलॉजीवाल्यांनो, कॉलेजमागच्या ओढ्यात काय काय राहतं, याची यादी तर तुम्हीही करू शकता. चाचणी कोणावर घ्यायची हे ठरवायला ती यादीच लागते.