आटलेल्या गाईच्या वाट्याला काय?



दूधदराची चर्चा निघाली की ती फॅट ३.५, एसएनएफ ८.५ आणि लिटरमागे किती रुपये, एवढ्यातच फिरते. २०२४ मध्ये राज्य सरकारनं गाईच्या दुधाला लिटरमागे आधी ५ आणि पुढे ७ रुपये अनुदान दिलं. ते हवंच होतं. माझं भांडण 'लिटर' या मापाशी आहे.

विण्याआधी गाय दोन महिने आटवावी लागते. त्या काळात दूध नाही, म्हणून तेव्हा अनुदान मिळालं नाही आणि डेअरीचं दहा दिवसांचं बिलही नसतं. पेंडीची उधारी बिलातून कापली जाते. बिलच नसेल तर पोतं कुणाच्या नावावर उचलायचं? मग दुभत्या गाईला मुरघास नि गोळी पेंड आणि आटलेलीला उसाचं वाढं. कृष्णाकाठी गाळप हंगामात वाढ्याला तोटा नसतो.

खरं तर याच दोन महिन्यांत पोटातलं वासरू सगळ्यात झपाट्यानं वाढतं आणि कास पुढच्या वेतासाठी नव्यानं घडते. सगळ्यात अवघड मामला कॅल्शियमचा. गाईच्या रक्तात एका वेळी साधारण तीन ग्रॅम कॅल्शियम फिरतं आणि एका लिटर चिकातून दोन ग्रॅमच्या आसपास जातं. म्हणजे विल्याच्या दिवशी आठ-दहा लिटर चीक निघाला, तर रक्तातला साठा कित्येकदा नव्यानं भरावा लागतो, तोही हाडांतून आणि चाऱ्यातून. वाढ्यातलं ऑक्झलेट चाऱ्यातलं कॅल्शियम बांधून ठेवतं. महिनोन्‌महिने तेच खाल्लेल्या गाईच्या हाडांत मग उरणार काय?

यावर आपल्याकडचा लाडका उपाय म्हणजे विण्याच्या तोंडावर कॅल्शियमच्या बाटल्या पाजणं. तो अंगाशी येतो. आयतं कॅल्शियम मिळत राहिलं की हाडांतून ते काढण्याची शरीराची यंत्रणा सुस्तावते आणि विल्यावर ती जागी व्हायला वेळ लागतो. साठा वर्षभर क्षारमिश्रणातून राखायचा आणि शेवटच्या तीन आठवड्यांत कॅल्शियम आवरून मॅग्नेशियम, सुकी वैरण आणि बेताची पेंड द्यायची, हा खरा मार्ग. बाटली विकणारा हे सांगत नाही; त्याचा धंदा आहे.

मग तिसऱ्या-चौथ्या वेताची चांगली गाय विल्यावर मान कुशीकडे टाकून बसते, कान गार पडतात. डॉक्टर वेळेवर आले आणि कॅल्शियमचं सलाईन हळू चढवलं तर उठते. पण हा दुग्धज्वर एकटा येत नाही. वार अडकते, कासदाह होतो, पुढे गाय उलटत राहते. लिटरमागे मिळालेले पाच-सात रुपये तिथंच औषधांत गेले.

'हे शेतकऱ्यानंच पाहावं,' असं म्हणणारे भेटतील. पाहावं खरंच, पण जिथं पैसा लिटरवर मोजला जातो तिथं खुराकही लिटरकडे बघूनच पडणार.

अनुदानासाठी सरकारनं गाईच्या कानात बिल्ला आणि 'भारत पशुधन' प्रणालीवर नोंद सक्तीची केली. त्याच प्रणालीत कृत्रिम रेतनाची नोंद होते. त्या तारखेपासून नऊ महिने नऊ दिवस मोजले की गाय कधी विणार, ते कळतं. मग आटलेल्या गाईसाठी क्षारमिश्रण आणि पेंड डेअरीमार्फत का देऊ नये? वस्तूच द्यावी, रोख दिली तर ती खताच्या उधारीत जाईल, हे आम्हा शेतकऱ्यांनाच पक्कं ठाऊक आहे.

पैसा नवा लागणार नाही. पुन्हा अनुदान द्यायची वेळ येईल तेव्हा वेताला चार हजार लिटर देणाऱ्या गाईमागे लिटरचे ५० पैसे इकडे वळवले, तरी दोन हजार रुपये होतात. शेवटच्या तीन-चार आठवड्यांची पेंड आणि त्याआधीचं क्षारमिश्रण त्यात बऱ्यापैकी भागतं. हे गणित चुकीचं वाटत असेल, तर दूध संघांनी आणि पशुसंवर्धन खात्यानं आपलं गणित जाहीर मांडावं.

– एक दूध उत्पादक, ता. वाळवा, जि. सांगली