कॅसेटला बोल लावण्याआधी


कॅसेटचा आवाज मुळातच घुसमटलेला असतो, हे गेल्या अंकातील पत्रलेखकाचे मत एकांगी वाटते. सेकंदाला जेमतेम ४.७६ सेंटिमीटर सरकणाऱ्या फितीला मर्यादा आहेत, हे मान्य. पण तानपुऱ्याची झळाळी जाते ती बहुधा प्लेअरचे हेड किंचित तिरके असल्याने. हेडशेजारचा बारीक स्क्रू कान देऊन केसभर फिरवावा. वरचे सूर उघडतात. त्याआधी हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावे (अत्तराने नव्हे, तसे करणारेही पाहिले आहेत!). डॉल्बी ही खरखर कमी करणारी सोय न वापरता मुद्रित केलेली फीत डॉल्बी चालू ठेवून ऐकली, तर आवाज दबणारच. सी-१२०, म्हणजे दोन तासांची कॅसेट, मात्र टाळावी. तिची पातळ फीत रोलरला सहज गुंडाळली जाते.
— एक श्रोता, सातारा