कच्च्या हाताला कच्ची गाडी

मागच्या रविवारी शेजारी मला गाडी बघायला घेऊन गेले. गाडी त्यांच्या मुलीसाठी. तिला अठरा पूर्ण होऊन तीन महिने झालेत, लर्निंगचा महिना उलटला, टेस्ट झाली आणि पक्कं लायसन्स नुकतंच पोस्टाने घरी आलंय. सिंहगड रोडला जुन्या गाड्यांच्या एका आवारात पांढरी हॅचबॅक धुऊनपुसून उभी होती. २०१२चं मॉडेल, एक लाख ऐंशी हजार. "डॉक्टरांची गाडी आहे साहेब, सिंगल हँड." (पुण्यात विकायला येणाऱ्या निम्म्या गाड्या डॉक्टरांच्या असतात. उरलेल्या निवृत्त कर्नलच्या.) बाबा खूश. त्यांचं म्हणणं सरळ होतं : शिकायला जुनीच बरी, ठोकली-घासली तरी जीव हळहळायला नको.

हे वाक्य मी इतक्या घरांत ऐकलंय की आता त्याच्यावर एकदा लिहायलाच हवं. बोलणं व्यवहारी वाटतं, पण हिशेब साफ उलटा आहे. घरात ज्याचा हात सगळ्यात कच्चा, त्याला सगळ्यात कच्ची गाडी; आणि ज्याची वीस वर्षं स्टिअरिंगवर गेलीत, तो सहा एअरबॅगांच्या गाडीत बसून ऑफिसला जाणार. विहिरीत पोहायला शिकणाऱ्या पोराच्या पाठीचा डबा सोडून काकांनीच स्वतःला बांधून घ्यावा, तसला प्रकार.

२०१२च्या गाडीत काय नसतं ते नीट बघा. आपल्याकडे एबीएस सगळ्या नव्या गाड्यांना सक्तीचं झालं एप्रिल २०१९ पासून. चालकाची एअरबॅग जुलै २०१९ पासून. शेजारच्या सीटची तर थेट २०२१च्या ३१ डिसेंबरपासून. त्याआधी हे सगळं वरच्या व्हेरिएंटला मिळायचं, आणि आपण थोडे पैसे वाचवून खालचं घ्यायचो; म्युझिक सिस्टीम मात्र बाहेरून बसवायचो. २०१४ साली ग्लोबल एनकॅपने भारतातल्या पाच लोकप्रिय छोट्या गाड्यांची एअरबॅग नसलेली मॉडेल्स ताशी ६४ किलोमीटरने आदळून पाहिली. अल्टो ८००, नॅनो, आय-टेन, फिगो आणि पोलो. मोठ्यांच्या सुरक्षिततेत पाचही जणींना शून्य तारे. ताशी ६४ म्हणजे काही एक्सप्रेसवेचा वेग नव्हे. रात्री रिकाम्या कर्वे रोडला तेवढा सहज निघतो.

त्या हॅचबॅकच्या स्टिअरिंगच्या मधोमध नुसतंच बोडकं प्लास्टिक होतं. मी नकारार्थी मान हलवली, तसा आवाराचा मालक आम्हाला पलीकडच्या २०१९च्या गाडीकडे घेऊन गेला. स्टिअरिंगवर 'एसआरएस एअरबॅग' अशी अक्षरं होती. मी मुलीला म्हटलं, आत बस, चावी फिरव, पण इंजिन चालू करू नकोस. आता मीटरमधले दिवे बघ. एअरबॅगचा दिवा लागला पाहिजे, आणि काही सेकंदांनी विझला पाहिजे. लागून राहिला तर यंत्रणेत बिघाड. आणि लागलाच नाही तर जास्तच वाईट, कारण बहुतेक वेळा कुणीतरी तो मुद्दाम लपवलेला असतो. ती वाकून बघत बसली. "काका, लागतच नाहीये."

"बल्ब गेला असेल," मालक म्हणाला.

मग मी सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघितला. त्याचं तळाचं टोक कोरं करकरीत, बाकी गाडी मळलेली. एकाच सीटचा बेल्ट बदललेला, एअरबॅगचा दिवा गायब, म्हणजे समोरून जोरात खाल्लेलं असणार. बॉनेटच्या बोल्टवर पाना फिरल्याच्या खुणाही होत्या. आम्ही चहा पिऊन निघालो.

जुनी घ्यायचीच असेल तर माझा सल्ला : २०२२च्या मागे जाऊ नका. अल्ट्रोझ किंवा पंचसारख्या गाड्या या वयासाठी बऱ्या. दोन्हींना ग्लोबल एनकॅपचे पाच तारे आहेत, साध्या १.२ लिटर पेट्रोल इंजिनाची ताकद नव्वद बीएचपीच्या आत, आणि तेवढी खंबाटकी चढायला पुरते. एक लक्षात ठेवा, ते तारे जुन्या नियमांतले. जुलै २०२२ पासून ग्लोबल एनकॅपची चाचणी बरीच कडक झाली, आणि ऑक्टोबर २०२३ पासून आपली भारत एनकॅपही आहे. टर्बो नको. सनरूफचं मुलं फार मनावर घेतात. त्यावर मी वाद घालत नाही, फक्त स्टॅबिलिटी कंट्रोल आहे का ते आधी विचारतो. ऑटोमॅटिक घ्यावी का? घ्यावी. "क्लच जमला नाही तर ड्रायव्हर कसला" हे आमच्या पिढीचं पालुपद आहे. नळस्टॉपच्या सिग्नलला हाफ क्लचवर अडकलेलं लक्ष रस्त्यावर असलेलं बरं.

अठराच्या आतल्यांसाठी गाडी निवडण्याचा प्रश्नच नाही, तरी पत्रं येतात म्हणून एकदाच लिहितो. २०१९च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९९-अ प्रमाणे अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, आणि त्या मुलाला पंचविशीपर्यंत लायसन्स नाही. मे २०२४ मध्ये कल्याणीनगरला एका अल्पवयीन मुलाच्या पोर्शेखाली दोन तरुण इंजिनिअर गेले, तेव्हा सगळा महाराष्ट्र जामिनासाठी त्याला लिहायला सांगितलेल्या तीनशे शब्दांच्या निबंधावर बोलत होता. हे कलम मात्र फार थोड्या घरांत वाचलं गेलं.

गाडी कुठलीही घ्या, एक गोष्ट शोरूमवाला शिकवत नाही. जोरात ब्रेक मारला की एबीएस काम करायला लागतं आणि पेडल पायाखाली थरथरतं, घरघरतं. ज्याला हे माहीत नाही तो घाबरून नेमका तेव्हाच पाय उचलतो. म्हणून संध्याकाळी आम्ही शेजाऱ्यांचीच गाडी काढली आणि एका नव्या लेआउटच्या रिकाम्या रस्त्यावर नेली. चाळीसचा वेग, मी "आता!" म्हणणार, तिने पूर्ण ताकदीने ब्रेक दाबायचा. पहिल्यांदा तिने दाबला आणि लगेच सोडला. "काका, काहीतरी तुटलं!" काही तुटलं नव्हतं. चौथ्या वेळी तिचा पाय गाडी थांबेपर्यंत हलला नाही. बाबा मागे बसले होते, बेल्ट न लावता. त्यांचं कपाळ पुढच्या सीटवर आपटलं, ते बरंच झालं. सप्टेंबर २०२२ मध्ये पालघरजवळ अपघातात गेलेले उद्योगपती सायरस मिस्त्री मागच्याच सीटवर होते आणि त्यांनीही बेल्ट लावला नव्हता.

मित्रमैत्रिणींचंही तेव्हाच ठरवून टाकलं. पहिले सहा महिने रात्री दहानंतर गाडी बाहेर नाही, आणि लोणावळ्याला पाच जण तर नाहीतच. सोबतीला आई किंवा बाबा असतील तर कुठेही. अमेरिकेत आणि न्यूझीलंडमध्ये नवशिक्यांच्या लायसन्सवरच अशी बंधनं असतात. आपल्याकडे लर्निंग संपलं की अठरा वर्षांच्या मुलाला आणि एसटीच्या चालकाला रात्रीचा रस्ता सारखाच मोकळा, म्हणून हे काम घरालाच करावं लागतं.

विम्याचा एक बारीक मुद्दा, कारण तो एजंट सांगत नाही. मालक-चालकासाठीचं १५ लाखांचं वैयक्तिक अपघात कवच आरसीवर ज्याचं नाव, त्यालाच लागू होतं. गाडी बाबांच्या नावावर आणि चालवणार मुलगी, तर तिच्यासाठी वेगळं कवच घ्या. हप्ता किरकोळ असतो.

शेजाऱ्यांनी शेवटी दुसरी गाडी घेतलीच नाही. त्यांची २०२३ची सहा एअरबॅगवाली आता आठवड्यातून तीन दिवस मुलगी तळेगावच्या कॉलेजला नेते. मागच्या काचेवर तिने स्वतःच्या हाताने 'नवीन चालक' असा कागद चिकटवलाय. बाबा त्या दिवशी वनाझला मेट्रोत बसतात.