षट्कोनी चाव्या : थोड्या घ्याव्यात, पण उत्तम घ्याव्यात

हर्णे परिसरात गवत कापण्याचे यंत्र आता अनेक बागायतदारांच्या घरी असते. अशा यंत्रांतील बऱ्याच स्क्रूंच्या माथ्यावर सहा कोनी खाच असते. तिच्यासाठी लागणारी काटकोनात वळविलेली चावी बाजारात ‘ॲलन की’ म्हणून मिळते.

मोठ्या स्वस्त संचात सर्व मापे मिळतात, हे खरे. तरीही आपल्या यंत्राला लागणाऱ्या ४, ५, ६ मिलिमीटर अशा मोजक्या मापांच्या उत्तम चाव्या घेणेच हिताचे, असे आमचे मत आहे. मऊ पोलादाच्या चावीच्या कडा झिजतात. मग ती खाचेत नुसतीच फिरते आणि स्क्रूचा माथाही बिघडविते. चावीत वाचलेले पैसे ऐन हंगामातील एका दिवसाच्या खोळंब्यात जातात.

चावी क्रोम-व्हॅनेडियम पोलादाची, माप कोरलेली, सरळ कडांची व सपाट टोकाची असावी. मिलिमीटरच्या खाचेत इंची चावी घालू नये. ३/१६ इंची चावी ४.७६ मिलिमीटर भरते. ती ५ मिलिमीटरच्या खाचेत सैल बसते.

येथील खाऱ्या हवेत पोलाद लवकर गंजते. म्हणून खाचेतील माती-गंज आधी काढून चावी तळापर्यंत बसवावी, आणि काम संपताच तिला तेलाचा हात लावून कोरड्या डब्यात ठेवावी.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी यंत्राची शिफारस करताना त्याच्या चाव्यांची मापेही शेतकऱ्यांस अवश्य सांगावीत.