आरोग्यविचार : सुनेची गोळी आणि जंतूंचें जीवनसत्त्व

धाराशिव जिल्ह्यांतील तुळजापुराकडील एका भगिनींचें पत्र आमच्यापुढें आहे. धाकट्या सुनेच्या पाठीवर बधिर चट्टा उमटला, सरकारी दवाखान्यांत तो कुष्ठाचा ठरला, औषध सुरू झालें. दोन महिन्यांत चट्टा फिकटला आणि तेवढ्यांत तिला दिवस राहिले. आतां फॉलिक आम्लाच्या गोळ्याही आल्या. भगिनी विचारतात, “डॅप्सोन जंतूंचें फॉलिक आम्लच तोडतें असें ऐकलें आहे. मग तेंच आम्ल पोटांत गेल्यास जंतू पोसले जाणार नाहींत काय? दोहोंपैकीं एक बंद करावें काय?”

प्रश्न मार्मिक आहे. एकही बंद करूं नये.

हें जीवनसत्त्व आपलें शरीर बनवीत नाहीं. तें मेथी, हरभरा यांतून मिळतें. १९२८ सालीं मुंबईस आलेल्या डॉ. ल्युसी विल्स यांस गरोदर गिरणीकामगार स्त्रियांचा पंडुरोग यीस्टच्या अर्कानें हटतांना दिसला. त्या अर्कांतील गुणकारी द्रव्य पुढें फॉलिक आम्ल म्हणून ओळखलें गेलें. जंतूंची तऱ्हा उलट. बहुतेकांस तयार फॉलिक आम्ल आंत घेतांच येत नाहीं. पॅरा-अमिनोबेंझोइक आम्लापासून एका एंझाइमच्या साहाय्यानें तें घरींच करावें लागतें. डॅप्सोन त्या कच्च्या मालाचें सोंग घेऊन एंझाइमची जागा अडवितें, आणि जंतूची वाढ खुंटते. आपल्या पेशींत तें एंझाइमच नाहीं. म्हणून सुनेची गोळी जंतूच्या ताटांत पडत नाहीं. हा कारखाना जंतूच्या मारकपणाचाही आधार आहे : हा कच्चा माल बनविण्याची वाट तोडलेले साल्मोनेला जंतू उंदरांत निरुपद्रवी ठरले, असें १९८१ सालीं दिसून आलें.

मात्र जंतूही स्वस्थ बसत नाहीं. एंझाइमच्या साखळींतील ५३ वा किंवा ५५ वा दुवा बदलला कीं डॅप्सोन तेथें बसत नाहीं. असे दाद न देणारे जंतू १९६४ सालीं मलायांत सिद्ध झाले. म्हणूनच १९८१ पासून जागतिक आरोग्य संघटनेनें रिफॅम्पिसिनसह अनेक औषधें एकत्र देण्याचें ठरविलें. चट्टा फिकटला म्हणून मध्येंच थांबणें धोक्याचें आहे. रोगाच्या प्रकाराप्रमाणें ६ किंवा १२ महिने पुरे करावेत. गरोदरपणांतही हे उपचार चालतात. डॅप्सोननें रक्त थोडें उतरूं शकतें, तेव्हां हिमोग्लोबिन तपासत राहावें.

पत्राच्या शेवटीं एक ओळ आहे : माहेरीं कांहीं कळवूं नये, असें घरांत ठरलें आहे. ती आम्हांस रोगाहून अधिक खटकली. २०१९ पर्यंत हिंदु विवाह कायद्यांत कुष्ठ हें घटस्फोटाचें कारण होतें. तें काढून टाकलें आहे. उपचार सुरू झाल्यावर संसर्गही लौकरच थांबतो. मुलीनें आपल्या आईशीं बोलावें कीं नाहीं, हें तिलाच ठरवूं द्यावें. आणि तव्याचा चटका तिच्या बोटांना पूर्ववत् कळतो कीं नाहीं, तें दवाखान्यांत या आठवड्यांतच तपासून घ्यावें.